हॉकीवर किती डाव लावावा?

नांदेडला दरवर्षी हिवाळ्यात श्री गुरू गोबिंदसिंघजी गोल्ड अँड सिल्व्हर कप ही अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते. खालसा हायस्कूलच्या मैदानावर होणाऱ्या या स्पर्धेला अर्ध्या शतकाची परंपरा आहे आणि पंजाबपासून सिकंदराबादपर्यंतचे संघ तिथे येऊन खेळून गेले आहेत. मराठवाड्यातल्या बाकीच्या गावांनी हॉकी पाहिली ती टीव्हीवर. नांदेड आणि आसपासच्या तालुक्यांना ती मैदानाच्या कडेला उभे राहून पाहता आली. त्यांतले लोहा तर नांदेड-लातूर रस्त्यावरच. त्यामुळे इथल्या एखाद्या शाळकरी पोराच्या किंवा पोरीच्या हातात स्टिक आली आणि त्या लेकराने घरात ‘मला हॉकीच खेळायची आहे’ असे म्हटले, तर त्यात नवल नाही. घरच्यांनी मात्र अशा वेळी स्पर्धेच्या फलकावरची संघांची नावे नीट वाचावीत. पोलिस, रेल्वे, कस्टम्स, सैन्यदलाच्या तुकड्या. गावांची आणि शहरांची नावे कमी, खात्यांची जास्त. भारतीय हॉकीचा सगळा व्यवहार त्या फलकावर लिहिलेला असतो. जो संघ दिसतो त्याच्यामागे बहुतेक वेळा नोकरी देणारे एखादे खाते असते, आणि मैदानात उतरलेला खेळाडू त्याच्या हजेरीपटावर असतो.

म्हणून ‘कनिष्ठ गटातून खेळत खेळत व्यावसायिक खेळाडू होता येईल का’ हा प्रश्न आपल्याकडे विचारताना ‘व्यावसायिक’ म्हणजे काय, ते आधी ठरवावे लागते. निव्वळ खेळाच्या मानधनावर पोट भरणारा हॉकीपटू भारतात अपवाद आहे. क्रिकेटच्या लिलावाचे आकडे ऐकून सवय झालेल्या कानांना हॉकी इंडिया लीगचे आकडेही मोठे वाटतात. २०१३ ते २०१७ अशी पाच वर्षे चालून बंद पडलेली ही लीग डिसेंबर २०२४ मध्ये राउरकेल्यात पुन्हा सुरू झाली. लिलावात हरमनप्रीतसिंगला ७८ लाख मिळाले, महिलांमध्ये उदिता दुहानला ३२ लाख. ही झाली वरची टोके. खालची मूळ किंमत होती २ लाख, आणि लीग चालते पाच-सहा आठवडे. त्या हंगामात पुरुषांचे आठ संघ होते. प्रत्येक संघात २४ खेळाडू, त्यांत किमान १६ भारतीय आणि त्या सोळांत किमान चार कनिष्ठ. गुणाकार केला तर देशभरातून १२८ जागा आणि कनिष्ठांसाठी राखून ठेवलेल्या ३२. पंजाब, ओडिशा, झारखंड, हरियाणा, मणिपूर, कर्नाटक या सगळ्यांनी मिळून भरायच्या या जागा आहेत. आठांपैकी एकही संघ महाराष्ट्राचा नव्हता. पहिल्या पर्वात मुंबईचा संघ होता. या वेळी तोही नव्हता. लीगने पैसा आणला हे खरे, पण तो मुख्यतः आधीच नाव झालेल्यांकडे आणि आधीच खात्यात नोकरीला असलेल्यांकडे गेला. तेव्हा हॉकीतले ‘व्यावसायिक होणे’ म्हणजे आजही खेळाच्या जोरावर रेल्वे, तेल कंपन्या, पोलिस किंवा सैन्यात नोकरी मिळवणे. अगदी धनराज पिल्लेसारखा चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळलेला खडकीचा खेळाडूही आधी महिंद्रकडून आणि मग इंडियन एअरलाइन्सकडून खेळला.

हे एकदा मान्य केले की कनिष्ठ हॉकीच्या रस्त्याची किंमत मोजता येते. त्यासाठी सगळ्यांत उजळ उदाहरण घेऊ, म्हणजे निराशा मुद्दाम शोधली असा आरोप यायला नको. २०१६ मध्ये लखनौला भारताने कनिष्ठ विश्वचषक जिंकला. त्याआधी तो एकदाच, २००१ मध्ये होबार्टला जिंकला होता. लखनौच्या त्या १८ जणांच्या संघातले सात खेळाडू २०२१ मध्ये टोकियोत कांस्यपदक जिंकणाऱ्या ऑलिंपिक संघात होते: हरमनप्रीत, मनदीप, वरुण कुमार, सुमित, नीलकांत शर्मा, सिमरनजीत आणि गुरजंत. कुठल्याही देशाला हेवा वाटावा असे हे प्रमाण आहे. कनिष्ठ हॉकी हाच वरिष्ठ संघाचा खरा उंबरठा आहे, याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही. पण त्याच यादीची दुसरी बाजू अशी, की आपल्या वयोगटात जगज्जेते ठरलेल्यांपैकी अकरा जण पाच वर्षांनी त्या संघात नव्हते. लखनौचा कर्णधार हरजीतसिंग त्यांत होता, ज्याच्या आयुष्यावर पुढे पंजाबी चित्रपटही निघाला. ही अवस्था जगज्जेत्यांची. त्यांच्याखाली राष्ट्रीय स्पर्धेत राज्याकडून खेळलेले, त्यांच्याखाली विभागाकडून खेळलेले आणि त्यांच्याखाली तालुका-जिल्हा शालेय स्पर्धा खेळून घरी परतलेले. लोह्याचा मुलगा हा प्रवास सगळ्यांत खालच्या पायरीवरून सुरू करतो.

तो पायरीवरून चढू शकत नाही असे नाही. अडचण त्याच्या पायाखालच्या मैदानाची आहे, आणि लेखाचा सगळा भर तिथेच आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून वरच्या दर्जाची हॉकी कृत्रिम मैदानावर खेळली जाते. माती आणि टर्फ यांतला फरक बाहेरून पाहणाऱ्याला सोयीचा वाटतो, म्हणजे एक खडबडीत आणि एक गुळगुळीत. प्रत्यक्षात ते जवळपास दोन वेगळे खेळ आहेत. मातीवर चेंडू शेवटच्या क्षणी कुठे उडेल याचा भरवसा नसतो, म्हणून मुलगा स्टिक उभी धरतो, अंग सावरून मागे ठेवतो आणि चेंडू अडवल्यावर तो शांत होईपर्यंत थांबतो. पाणी मारलेल्या टर्फवर तोच चेंडू जमिनीला चिकटून सरसरत येतो. तिथे गुडघे वाकवून, स्टिक जवळजवळ आडवी टाकून तो घ्यावा लागतो आणि घेता घेताच पुढची दिशा द्यावी लागते. थांबायला वेळ नसतो. पेनल्टी कॉर्नरचा ड्रॅग फ्लिक, स्टिकच्या कडेने मारलेला रिव्हर्स हिट, चेंडू किंचित उचलून प्रतिस्पर्ध्याच्या स्टिकवरून नेणे, हे सगळे सपाट आणि ओल्या पृष्ठभागाचे हिशेब आहेत. मातीवर ते शिकवता येत नाहीत. शिकवले तरी हात चुकीचे शिकतात. आणि हाताला लागलेली ही वळणे तेरा-चौदाव्या वर्षी जितकी सहज बदलतात, तितकी अठराव्या वर्षी बदलत नाहीत. उशिरा टर्फवर आलेल्या मुलाला आधी शिकलेले विसरण्यातच दोन वर्षे जातात, आणि तेवढ्यात कनिष्ठ गटाचे वय संपते.

गरिबी हा खरा अडसर आहे, असे आपण सरसकट म्हणतो. पुरावा तसा नाही. मुंबईचे युवराज आणि देविंदर वाल्मीकी हे भाऊ ज्या घरात वाढले, तिथे वर्षानुवर्षे वीज नव्हती. तरीही दोघे भारताकडून खेळले आणि देविंदर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला गेला. त्यांचे घर मरीन लाइन्सजवळ होते आणि चर्चगेटचे हॉकी स्टेडियम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. घरात दिवा नव्हता, पण टर्फ शेजारी होते. दुसरे उदाहरण सातारा जिल्ह्याचे. फलटण तालुक्यातल्या शेतकरी कुटुंबांतल्या वैष्णवी फाळके आणि ऋतुजा पिसाळ या मुली पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेल्या. २०२३ मध्ये जपानमधल्या काकामिगाहारा इथे भारताच्या मुलींनी दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून कनिष्ठ आशिया चषक पहिल्यांदा जिंकला, त्या संघात ऋतुजा होती. फलटणला चांगली सुरुवात झाली, शाळेत शिकवणारे भेटले, पण पुढचा खेळ घडला तो बालेवाडीच्या टर्फवर आणि तिथल्या वसतिगृहात राहून. मुंबईच्या मुलांकडे टर्फ होते, फलटणच्या मुली टर्फकडे गेल्या. तिसरा रस्ता मला दिसत नाही. तेव्हा लोह्याच्या घराने विचारायचा प्रश्न ‘आमचे लेकरू किती चांगले खेळते’ हा नंतरचा. आधीचा प्रश्न असा, की पंधराव्या वर्षापर्यंत ते रोज टर्फवर खेळेल अशा ठिकाणी राहायला जाणार आहे का. उत्तर ‘हो’ असेल तर कनिष्ठ हॉकी हा विचार करण्याजोगा रस्ता आहे. ‘नाही’ असेल तर हॉकी जरूर खेळावी, शाळा आणि भवितव्य मात्र तिच्यावर टांगू नये.

अशी ठिकाणे मोजकीच आहेत. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिन्या आहेत, त्यांत हॉकीसाठी पुणे. लहान वयाच्या मुलांची निवड तिथे मुख्यतः शारीरिक क्षमतेच्या चाचण्यांवर होत आली आहे: उंची, वजन, ३० मीटर धावणे, जागेवरून लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, शटल रन, ८०० मीटर वगैरे. ज्या पोराने कधी टर्फ पाहिलेले नाही, त्याच्या दृष्टीने ही पद्धत न्यायाची आहे, कारण पळणे आणि उडी मारणे लोह्यातही शिकता येते. दुसरा मार्ग सैन्यदलाच्या बॉईज स्पोर्ट्स कंपन्यांचा, जिथे ८ ते १४ या वयात मुले घेतात आणि पुढे सैन्यातल्या नोकरीची वाट तिथूनच निघते. तिसरा भारतीय क्रीडा प्राधिकरणाचा. त्याचे मराठवाड्यातले केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे, कुठल्या वर्षी कुठल्या खेळाला आणि निवासाला जागा आहे ते तिथे जाऊनच पाहावे. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. दार लवकर उघडते आणि लवकर बंद होते.

इतक्या लवकर केलेल्या निवडीवर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो बाजूला सारता येत नाही. बारा-तेराव्या वर्षी आपण गुण निवडतो की नुसते वाढलेले अंग? कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीचा अभ्यास करून रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवले, की वरच्या कनिष्ठ संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्या मुलांची गर्दी असते. वयोगटाची तारीख १ जानेवारी, म्हणून जानेवारीतला मुलगा डिसेंबरमधल्यापेक्षा जवळपास वर्षाने मोठा असतो. तो दांडगा दिसतो, निवडला जातो, चांगला प्रशिक्षक मिळवतो आणि मग खरोखरच चांगला होतो. आपल्याकडे या गणिताला एक गावठी फाटा आहे. मागच्या पिढीपर्यंत गुरुजींनी शाळेच्या दाखल्यावर सर्रास १ जून ही जन्मतारीख टाकली, त्यामुळे अर्धा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला असे. आता जन्मदाखले असतात, पण वय कमी दाखवून खेळवण्याची खोड कनिष्ठ स्पर्धांतून गेलेली नाही. हे सगळे खरे असले तरी त्यातून निष्कर्ष काय काढायचा? निवड झाली नाही म्हणजे मूल कमी पडले असे समजू नये, एवढाच. उशिरा भरणाऱ्या मुलासाठी थांबणारी व्यवस्था आज नाही, आणि ती असायला हवी म्हणून ती आहे असे धरून घराने निर्णय घेऊ नये.

दुसरा आक्षेप मराठवाड्यातला माणूस हमखास घेईल: अविनाश साबळेचे काय? बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा हा मुलगा घडला तो सैन्यात. बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सैन्यात असताना क्रॉस कंट्री धावू लागला, आणि पुढे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये राष्ट्रकुल रौप्य आणि आशियाई सुवर्ण घेऊन आला. उदाहरण अस्सल आहे, पण ते हॉकीला लागू पडत नाही. लांब पल्ल्याच्या धावण्यात दम आणि सोसणे हे भांडवल असते आणि ते विसाव्या वर्षीही गुंतवता येते. हॉकीत हाताचे कसब लागते आणि त्यासोबत दहा जणांच्या हालचाली ओळखणारी नजर लागते, जी वर्षानुवर्षे सामने खेळूनच येते. साबळेच्या गोष्टीतून लोह्याने घ्यायचे ते वेगळेच आहे: हॉकीचे दार बंद झाले म्हणजे खेळाचे दार बंद झाले असे नाही.

तिसरा आक्षेप अभ्यासाचा, आणि नांदेड-लातूरकडे तो सगळ्यांत जड. ज्या पट्ट्यात दहावी झाली की लातूर पॅटर्न नाहीतर नांदेडचे नीटचे क्लास हे ठरलेले असते, तिथे आठवीत लेकरू वसतिगृहात धाडून सकाळ-संध्याकाळ मैदानावर ठेवायचे म्हणजे लोक ‘पोराचं वाटोळं करायलास का’ असे विचारणारच. या लोकांना एवढेच सांगता येईल की त्यांचा रस्ताही सट्ट्याचाच आहे. २०२४ मध्ये नीटला २४ लाखांच्या आसपास अर्ज होते आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा होत्या साधारण १ लाख ९ हजार. तरीही दोन्ही जुगार सारखे नाहीत, हे मान्य करायला हवे. नीट हुकलेल्या मुलाच्या हाती बारावीचे विज्ञान राहते आणि त्यावर नर्सिंगपासून कृषीपर्यंत पुढची दारे असतात. हॉकी हुकलेल्या मुलाच्या हाती काय राहील, ते त्याला ठेवून घेणाऱ्या संस्थेवर अवलंबून असते. कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीच्या कनिष्ठ लीगनी या प्रश्नाला निदान एक उत्तर दिले आहे. तिथे १६ ते २० वर्षांची मुले मोठ्या गर्दीसमोर खेळतात, बहुतेकांना पुढे व्यावसायिक करार मिळत नाही, पण लीगमध्ये खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च संघ उचलतो.   आपल्याकडे संस्थांवर असे काही लेखी बंधन नाही. दहावी-बारावीत क्रीडा गुण मिळतात, तेही जास्तीत जास्त २५. त्यामुळे शिक्षणाची हमी घरालाच घ्यावी लागते, आणि ज्या घराला ती घेणे शक्य नाही त्याने हा डाव लहानच ठेवावा.

मग सरकारी नोकरीतले ५ टक्के खेळाडू आरक्षण? कनिष्ठ हॉकीच्या बाजूने सांगितला जाणारा हा सगळ्यांत व्यवहारी मुद्दा आहे, आणि तो खोटा नाही. पण त्याने एक उलटी सवय लावली आहे. खेळाकडे प्रमाणपत्र मिळवण्याचे साधन म्हणून पाहिले जाते आणि मग जिथे गर्दी कमी तिथे पळावे, अनोळखी खेळ शोधावा, हे ओघाने येते. राज्यात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे गाजली ती याच वाटेवर. हॉकी त्या हिशेबानेही महाग पडते. तो सांघिक खेळ आहे, राज्य संघात जायचे तर पुणे-मुंबईच्या टर्फवरच्या मुलांशी स्पर्धा, आणि वरच्या गटातल्या पदांना लागणारी कामगिरी कनिष्ठ राष्ट्रीय पातळीच्याही वरची. नुसत्या नोकरीसाठी खेळायचे असेल, तर पोलिस भरतीचे मैदान सरळ आहे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक मिळून ५० गुण. चार वर्षे हॉकी खेळलेल्या अंगाला ते जड जात नाहीत.

नांदेडलाच टर्फ का नको, असे कुणी म्हणेल. हवेच. पण टर्फ आले की खेळाडू येतील हा भ्रम आहे. ओडिशातल्या सुंदरगड जिल्ह्याने भारताला इतके खेळाडू दिले, ते पानपोशच्या क्रीडा वसतिगृहामुळे, गावोगावच्या सामन्यांमुळे आणि खूप नंतर तालुक्या-तालुक्यात आलेल्या टर्फमुळे. तिथे हॉकी आधी होती, मैदाने मागून आली. उलट पंजाबातले संसारपूर पाहा: एका गल्लीतून १४ ऑलिंपियन देणारे गाव, खेळ मातीवरून टर्फवर गेला आणि गाव मागे पडले. नांदेडकडे स्पर्धा आहे, प्रेक्षक आहेत, शीख समाजाने जपलेली हौस आहे. नाही तो वर्षभराचा सामन्यांचा क्रम. एका आठवड्याच्या स्पर्धेने आवड लागते. खेळाडू तयार व्हायला उरलेले एक्कावन्न आठवडेही कुणीतरी भरावे लागतात.

मुलींच्या बाबतीत माझा कौल थोडा अधिक अनुकूल आहे. आपल्या भागात मुलींना वसतिगृहात पाठवायला घरे कचरतात, त्यामुळे चाचणीला येणाऱ्याच कमी, आणि रेल्वेने तर महिला हॉकीपटूंना वर्षानुवर्षे नोकऱ्या दिल्या आहेत. फलटणने हे हेरले. पण वसतिगृहाला घराचा ठाम नकार असेल, तर खो-खो किंवा कबड्डी हा त्या मुलीसाठी दुय्यम पर्याय मानू नये. धाराशिवच्या सारिका काळेने खो-खोत भारताचे नेतृत्व केले, २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवला आणि तालुका क्रीडा अधिकारी झाली. जिल्ह्याच्या मातीवरूनच त्या खेळात देशाच्या टोकाला जाता येते, हॉकीत येत नाही. लोहा तालुक्यातल्याच माळेगावच्या यात्रेत कुस्त्यांचा फड भरतो. त्या आखाड्यातल्या पोरालाही हीच सोय आहे.

तेव्हा बाराव्या-तेराव्या वर्षी निवड चाचण्या द्याव्यात, एकाच नव्हे तर मिळतील तितक्या. बोलावणे आले तर दहावीपर्यंत थांबू नये. पंधरा सरले आणि बोलावणे नाही, तर हॉकी संध्याकाळची आणि शाळा दिवसाची. आणि बोलावणे आले तरी बॅग भरण्याआधी वडिलांनी त्या संस्थेत जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: दहावी-बारावीची शाळा कुठली आणि मुले तिच्यात खरोखर बसतात का, गुडघा किंवा घोटा गेला तर खर्च कोण करतो, आणि पाच वर्षांपूर्वी इथून बाहेर पडलेल्या हॉकीच्या तुकडीतली मुले आज कुठे कामाला आहेत. तिसऱ्या प्रश्नाला प्रशिक्षकाने दोन-चार चमकत्या नावांवर भागवले, तर उरलेल्यांची नावे विचारावीत.